ई-कोर्ट्सवर उमेदवाराच्या नावावर चार केसेस निघाल्या, आता नेमायचं की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. चिंचोळी एमआयडीसीतली घरची कंपनी, टेरी टॉवेल एक्स्पोर्ट करतात, पहिल्यांदाच घराबाहेरचा माणूस सीएफओ (पैशाचा सगळा कारभार बघणारा वरचा अधिकारी) म्हणून घेतायत. उमेदवार मूळचा इंडीकडचा, सात वर्षं भिवंडीत नोकरी, मग सोलापूर. पोलिस व्हेरिफिकेशन क्लिअर, आधीच्या मालकांनी फोनवर चांगलंच सांगितलं, पगार ठरला. अमेरिकेतल्या खरेदीदाराच्या चेकलिस्टमध्ये ‘सिव्हिल कोर्ट रेकॉर्ड, ७ वर्षं’ असं एक कलम होतं म्हणून धाकट्या भावाने ई-कोर्ट्सवर (कोर्टातल्या केसेस शोधायची सरकारी साइट) नाव टाकून बघितलं तर चार केसेस आल्या: एक रेग्युलर दिवाणी दावा, एक हिंदू विवाह अर्ज, एक एस.सी.सी. आणि एक दरखास्त. वडील म्हणतात शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये आणि चढलेल्याला तिजोरीजवळ बसवू नये. भाऊ म्हणतो माणूस हुशार आहे, सोडायला नको. आता काय करायचं?

मी सोलापूर कोर्टात २४ वर्षं दिवाणी बाजूचं काम करतेय आणि गेली दहाएक वर्षं बँका, पतसंस्था, कारखान्यांसाठी वरच्या जागांच्या माणसांचे असे सर्च करून देतेय. त्या अनुभवावरून सांगते, आणि सविस्तरच सांगते, कारण यात एका माणसाची नोकरी आणि तुमच्या कंपनीचा पैसा दोन्ही आहे.

वडिलांचं म्हणणं मला कळतं, पण ते आपल्या जिल्ह्याला लागू पडत नाही ओ. दोन एकर जमीन आणि तीन भाऊ असलेल्या घरात वाटपाचा दावा नाही असं घर शोधून काढावं लागेल. वाटपाच्या दाव्यात सगळ्या हिस्सेदारांना पार्टी करावंच लागतं, नाहीतर दावा त्याच मुद्द्यावर अडकतो, त्यामुळे लातूरला दिलेली बहीण, पुण्यात नोकरी करणारा पुतण्या, सगळ्यांची नावं प्रतिवादी म्हणून येतात आणि त्यातल्या निम्म्यांना केसचा नंबरपण माहीत नसतो. तुमच्या यादीतला रेग्युलर दिवाणी दावा तसलाच असेल तर तो बाजूला ठेवा. फक्त एकदा खात्री करा की तो वाटपाचा किंवा बांधाचा आहे, पैशाच्या वसुलीचा किंवा हिशोबाचा नाही. आणि तो विवाह अर्ज उघडूच नका, माझं स्पष्ट मत आहे. त्याचं लग्न टिकलं की मोडलं याचा तुमच्या बॅलन्स शीटशी काही संबंध नाही आणि त्यात दुसरी एक व्यक्ती आहे जिने तुमच्याकडे नोकरीचा अर्ज केलेला नाही.

राहिल्या दोन, एस.सी.सी. आणि दरखास्त. या दोन मात्र कागद हातात घेऊन वाचायच्या.

एस.सी.सी. म्हणजे समरी क्रिमिनल केस. पैशाच्या माणसाच्या नावावर ती आली की बहुतेक वेळा चेक बाऊन्स असतो, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम १३८. तुम्ही म्हणाल पोलिस व्हेरिफिकेशन तर क्लिअर आलं, मग हे कसं सुटलं? सुटणारच, कारण १३८ ला एफआयआर नसतो, फिर्यादी सरळ मॅजिस्ट्रेटकडे खाजगी फिर्याद टाकतो आणि पोलिस स्टेशनच्या रेकॉर्डला त्याचा पत्ताच नसतो. आणि ही केस कोर्टात फौजदारी बाजूला लागते त्यामुळे फक्त दिवाणी सर्च करणाऱ्याच्या हातूनपण निसटते. दोन्हीकडच्या फटीत पडलेली ही केस असते आणि सीएफओच्या बाबतीत हीच सगळ्यात जास्त बोलते. फिर्याद होण्याआधी त्याला नोटीस जाते, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले की विषय तिथेच संपतो. म्हणजे केस उभी राहिली याचा अर्थ ते १५ दिवस गेले, आता का गेले हे बघायचं. एकच चेक, एकच फिर्यादी, पुढे लोकअदालतीत तडजोड, असं असेल तर मी त्याला डाग मानत नाही, धंद्यात होतं. पण तीन वेगवेगळे फिर्यादी, तिघांचे चेक दोन-तीन महिन्यांच्या आत बाऊन्स झालेले, असं दिसलं तर त्या काळात त्याच्या हातात पैसा नव्हता आणि तरी तो चेकवर सह्या करत होता. तुमच्याकडेही तो सह्याच करणार आहे.

आता दरखास्त. माझं सगळं सांगणं खरं तर या एका शब्दापाशी आहे. दावा कुणीही कुणावरही टाकू शकतो, कोर्ट फी भरली आणि निशाणी १ ला दावा लागला की झालं. उलट दरखास्त म्हणजे कोर्टाने निकाल दिला, हुकूमनामा (अमुक पैसे द्या असा कोर्टाचा लेखी हुकूम) झाला, तरी पैसे आले नाहीत म्हणून समोरच्याला वसुलीसाठी पुन्हा कोर्टात यावं लागलं. माणूस हरला हे मी कधीच त्याच्याविरुद्ध धरत नाही, हरल्यावर तो कसा वागला ते मात्र दरखास्तीत अक्षरशः तारीखवार लिहिलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेसाठी मॅनेजरचा उमेदवार तपासत होते. बायोडाटा चांगला, बोलायला गोड, संमतीपत्रावर सहीपण लगेच केली. जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात त्याच्यावर चार लाख ऐंशी हजारांचा हुकूमनामा आणि त्याची दरखास्त निघाली. नुसती ऑनलाइन ओळ न बघता रोजनाम्याची (कुठल्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) आणि बेलिफ रिपोर्टची (हुकूम बजावायला घरी जाणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा अहवाल) नक्कल काढली. पहिला रिपोर्ट, ‘ऋणको घरी मिळून आले नाहीत, घरास कुलूप’ (ऋणको म्हणजे ज्याच्याकडून पैसे येणं आहे तो). दुसरा, ‘ऋणको तिरुपतीस गेले आहेत असे पत्नीने सांगितले’. तिसरा, ‘दारातील चारचाकी ऋणकोच्या नावे नाही’. मी दुसऱ्या रिपोर्टची तारीख बघितली आणि पतसंस्थेच्या सचिवांना फोन करून विचारलं की पहिला इंटरव्ह्यू कधी झाला होता हो? तीच तारीख. सकाळी अकरा वाजता हा माणूस सोलापुरात संचालकांसमोर बसून वसुली कशी वाढवायची ते सांगत होता आणि त्याच दिवशी त्याच्या दारात बेलिफ उभा होता. मी माझ्या रिपोर्टमध्ये मत लिहिलंच नाही, तीन बेलिफ रिपोर्ट आणि इंटरव्ह्यूचं पत्र एकाखाली एक लावून दिलं.

उलटंपण बघितलंय बरं का. एका अकाउंट्स हेडवर दोन लाखांचा हुकूमनामा होता, पार्टनरशिप बुडाली होती, त्याने कोर्टात अर्ज करून हप्ते मागितले आणि दर महिन्याला भरून शेवटी पूर्ण रक्कम मिळाल्याची पुरशीस (कोर्टात दिलेलं लेखी निवेदन) झाली. असा माणूस मला कोरी पाटी असलेल्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो आणि मी मालकांना तसं सांगितलंसुद्धा.

तुमच्या उमेदवाराच्या दरखास्तीत सगळ्यात आधी हे बघा की ती कशावर आधारलेली आहे, कोर्टाच्या हुकूमनाम्यावर की लवादाच्या (कोर्टाबाहेर वाद मिटवणाऱ्या पंचाच्या) निवाड्यावर. गाडीचं कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांच्या करारात लवादाचं कलम असतं, लवाद बसतो चेन्नईला नाहीतर मुंबईला, नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि एकतर्फी निवाडा होतो. तो निवाडा मग जिथे माणसाची मालमत्ता असेल तिथल्या कोर्टात थेट दरखास्त टाकून वसूल करता येतो, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ते स्पष्टच केलंय. त्यामुळे सोलापुरात दरखास्त दिसते पण मागे सोलापुरात दावाच नसतो, आणि बऱ्याच जणांना बेलिफ दारात आल्यावरच कळतं की आपल्याविरुद्ध निवाडा झालाय. तसंच हुकूमनामा एकतर्फी आहे का, तो रद्द करून घ्यायला त्याने अर्ज केला होता का, हेही रोजनाम्यात दिसतं.

अमेरिकेतल्या चेकलिस्टमधल्या ७ वर्षांबद्दल. ती मुदत तिकडच्या १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अॅक्टमधून आलीय, आणि तिकडेसुद्धा त्या केंद्रीय कायद्यात वर्षाला ७५ हजार डॉलर किंवा जास्त पगाराच्या जागेला ती मर्यादा लागत नाही. आपल्याकडे तसा कायदाच नाही. आपल्याकडे बघायचा आकडा आहे १२, कारण पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांपर्यंत टाकता येते. २०१५ चा हुकूमनामा २०२७ पर्यंत जिवंत आहे. सात वर्षांचा सर्च करणाऱ्याला तो दिसणार नाही आणि उद्या तुमच्याच ऑफिसमध्ये पगार जप्तीचं वॉरंट येईल.

आता सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं काम, नाव. त्या चार केसेस खरंच त्याच्याच आहेत का? सोलापुरात हा प्रश्न फार मोठा आहे. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांतली नावं एका इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोंबली जातात. पूर्व भागातलं पद्मशाली आडनाव एका क्लार्कने एक एल घालून टाईप केलेलं असतं, दुसऱ्याने दोन. श्रीनिवास कुठे एस-एच ने तर कुठे नुसत्या एस ने. लिंगायत घरात वडिलांच्या नावापुढे अप्पा कधी जोडलेलं कधी सुटं. शेख आणि पटेल तर विचारूच नका. कधी आडनाव आधी, कधी नंतर, आणि बाईमाणसाचं माहेरचं नाव एका केसमध्ये तर सासरचं दुसऱ्यात. म्हणून पूर्ण नाव टाकू नका, आडनावाचे पहिले चार-पाच अक्षर टाकून शोधा, मग वडिलांचं नाव, वय, पत्ता जुळवा. दोन गोष्टी जुळल्याशिवाय ती केस त्याची असं म्हणायचं नाही. एका मुलाची नोकरी फक्त चुलतभावाच्या केसमुळे जाता जाता राहिली होती, दोघांचं नाव, गाव सगळं एकच, वडिलांचं नाव तेवढं वेगळं.

आणि पोर्टल कसं चालतं ते लक्षात घ्या. नावाने शोधताना कोर्ट कॉम्प्लेक्स वेगळं निवडावं लागतं आणि वर्षपण एकेक टाकावं लागतं. सोलापूर टाकलं म्हणजे बार्शी, पंढरपूर, माळशिरस, अक्कलकोट आपोआप येत नाही. चालू आणि निकाली दोन्ही बघायला लागतात, नुसतं चालू बघून लोक सोडून देतात. तुमच्या भावाने बहुतेक फक्त सोलापूर बघितलंय. हा माणूस इंडीचा आहे तर कर्नाटकात विजयपूर जिल्ह्यात जाऊन इंडी आणि विजयपूर दोन्ही बघा, आणि भिवंडीची सात वर्षं आहेत तर ठाणे जिल्ह्यात भिवंडी. आपल्याकडचा कापडातला माणूस भिवंडीत धंदा करतो, तिथे उधारीत अडकतो आणि कोरा होऊन इकडे येतो हे मी बऱ्याचदा बघितलंय. अपिलात गेलेलं असेल तर हायकोर्ट बघा, १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचला गेलंय, जुनं मुंबईला सापडेल. प्रत्येक केसला १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर (त्या केसचा स्वतंत्र ओळख नंबर) असतो, तो लिहून ठेवा, पुढे नक्कल काढायला तोच लागतो.

बरं, एवढं करूनही जे ई-कोर्ट्सवर मिळतच नाही त्याचं काय? आपला जिल्हा सहकाराचा, आणि पतसंस्थेचं थकीत कर्ज दिवाणी कोर्टात जातच नाही. ते जातं उपनिबंधक किंवा सहाय्यक निबंधकांकडे, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली, आणि तिथून निघतो वसुलीचा दाखला. तो कुठल्याही कोर्टाच्या साइटवर दिसत नाही. कलम ८८ ची जबाबदारी निश्चितीपण तशीच, म्हणजे संस्थेचं नुकसान केलं म्हणून संचालकावर किंवा अधिकाऱ्यावर रक्कम बसवलेली असते. आधी पतसंस्थेत किंवा कारखान्यात काम केलेला माणूस असेल तर मला हे दोन कागद दहा दिवाणी दाव्यांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. कलम ९१ चे वाद सहकार न्यायालयात, तिथे वेगळं विचारावं लागतं. बँकेचं २० लाख किंवा जास्त कर्ज थकलं तर डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात). कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन दिला असेल तर १ डिसेंबर २०१९ पासून त्या जामीनदारावर एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) दिवाळखोरीचा अर्ज होऊ शकतो. सिबिलच्या (कर्जदारांची माहिती ठेवणारी कंपनी) साइटवर १ कोटीच्या वरच्या सूट-फाइल्ड (बँकेने दावा टाकलेल्या) खात्यांची आणि २५ लाखांच्या वरच्या विलफुल डिफॉल्टरची (मुद्दाम कर्ज न फेडणाऱ्यांची) यादी फुकट बघता येते. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर तो कुठल्या कंपनीत डायरेक्टर होता ते बघा आणि त्या कंपन्यांच्या नावानेसुद्धा ई-कोर्ट्स सर्च करा. आणखी एक, जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून सर्च होतो, त्यात त्याच्या प्रोप्रायटरी (एकट्याच्या मालकीच्या) फर्मचं नाव निघतं. बऱ्याचदा दावा माणसाच्या नावाने नाही तर ‘अमुक टेक्स्टाइल्स तर्फे प्रोप्रा.’ असा लागलेला असतो आणि माणसाच्या नावाने कितीही शोधा, सापडत नाही.

१०१ चा दाखला सापडला तरी थांबा. एका बँकेत मॅनेजरच्या जागेसाठी एक ताई होत्या, तीन ठिकाणी नाव निघालं, समितीतले दोघं म्हणाले नकोच. कागद काढले तर एका ठिकाणी त्या सहकाऱ्याला जामीनदार होत्या, मूळ कर्जदार पळाला आणि यांच्या पगारातून कपात होऊन कर्ज फिटलं होतं. दुसऱ्या दोन ठिकाणी वडील वारले म्हणून वारस म्हणून नाव चढलेलं. वडिलांच्या देण्यासाठी वारसाची जबाबदारी त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, तरी या बाईंनी घर विकायची वेळ येऊ नये म्हणून स्वतःच्या पीएफमधून पैसे भरले होते. समितीपुढे हे वाचून दाखवलं तेव्हा त्याच दोघांनी मान खाली घातली. कर्जदार, जामीनदार की वारस, हा एक शब्द बघितला नसता तर त्यांना कळवलंसुद्धा नसतं की का नाकारलं.

कायद्याची बाजू थोडक्यात. तुमच्यासारख्या प्रायव्हेट कंपनीने हुकूमनामा असलेल्या माणसाला सीएफओ करू नये असा कुठलाही कायदा नाही, निर्णय तुमचा. बँकेचं वेगळं आहे, बँकिंग रेग्युलेशन अॅक्टचं कलम १० दिवाळखोर ठरलेल्या किंवा धनकोंशी (ज्यांचं देणं आहे त्यांच्याशी) तडजोड करून देणं मिटवलेल्या माणसाला नोकरीत ठेवायलाच मनाई करतं. त्याला एमडी करायचा विचार पुढे असेल तर कंपनी कायद्याचं कलम १९६ बघा, तिथेही दिवाळखोरीची अट आहे.

सर्च करण्याआधी त्याची लेखी संमती घ्या, कोर्टाचं रेकॉर्ड सगळ्यांना खुलं असलं तरी घ्या. पॅन, पत्ता, वडिलांचं नाव तुम्ही त्याच्याकडून नोकरीसाठी घेतलंय आणि डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आता आलाय. तुम्ही संमती न घेताच सर्च केलाय, तर आता तरी त्याला सांगा. आणि अर्जाच्या फॉर्ममध्ये प्रश्न नेमका विचारा. ‘तुमच्यावर काही केस आहे का’ असं मोघम विचारलं आणि त्याने नाही लिहिलं तर त्याला खोटारडा ठरवता येत नाही. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की लपवलं असं ठरवायचं तर फॉर्ममधला प्रश्न स्पष्ट पाहिजे. ते प्रकरण सरकारी नोकरीचं आणि फौजदारी माहितीचं होतं, पण प्रश्न कसा लिहावा यासाठी मी तेच डोळ्यांपुढे ठेवते. पैशाच्या वसुलीचा दावा, दरखास्त, १३८ ची फिर्याद, १०१ चा दाखला, आधीच्या मालकाने टाकलेली कुठलीही केस, असं एकेक नाव घेऊन विचारा, कर्जदार की जामीनदार तेही विचारा.

शेवटी तुमच्या माणसाबद्दल. आधी एस.सी.सी. आणि दरखास्तीच्या नकला काढा, तिऱ्हाइताला कारण देऊन अर्ज करावा लागतो, वकिलामार्फत केलात तर सोपं जाईल, साधारण आठ-दहा दिवस धरा. इंडी, विजयपूर, भिवंडीचा सर्च तोपर्यंत होऊन जाईल. मग त्याला बोलवा, फोनवर नको, समोर बसवा, वडिलांनाही बसवा. कागद टेबलावर ठेवू नका, फक्त म्हणा की कोर्टात तुमच्या नावाने काय काय आहे ते तुम्हीच सांगा. त्याने स्वतः दरखास्त सांगितली, रक्कम आणि आतापर्यंत किती भरले ते सांगितलं आणि ते नकलेशी जुळलं तर मी त्याला घेईन, पहिलं वर्षभर बँकेच्या चेकवर दोन सह्या ठेवून. दरखास्त सोडून बाकी तीन केसेस सांगितल्या तर ऑफर लेटर देऊ नका.